लिनक्समधला जुना आवाज

फाईलमध्ये आकडे लिहिले की ते कागदावर नव्हे, कानावर पडतात, असे विद्यार्थ्यांना सांगितले तर ते हसतील. लिनक्स या कार्यप्रणालीत मात्र आवाजाची सोय नेमकी अशीच होती. फिनलंडच्या हान्नू साव्होलाइनेन यांनी १९९२ साली साऊंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला; त्यातूनच पुढे ओपन साऊंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. तिच्यात साऊंड कार्ड ‘/डेव्ह/डीएसपी’ नावाच्या फाईलसारखे दिसे. वेगळे काही न सांगता तिच्यात लिहीत गेले, तर सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी एक बाइट, असा टेलिफोनच्या दर्जाचा आवाज निघे. सीडीच्या दर्जासाठी ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट आणि दोन वाहिन्या लागतात. सेकंदाला किती बाइट झाले, हे वर्गात अवश्य काढून घ्यावे.

अडचण अशी की, बहुतेक कार्डांवर एका वेळी एकच आज्ञावली ही फाईल उघडू शके. गाणे चालू असताना दुसरी आज्ञावली मुकीच! १९९८ साली चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी ‘आल्सा’ ही नवी रचना सुरू केली. २००२ साली ती लिनक्सच्या गाभ्यात आली. २००३ च्या डिसेंबरात २.६ आवृत्ती निघाली, तेव्हा ओएसएस कालबाह्य ठरली होती.

मग तिला लगेच का काढले नाही? चालणारी आज्ञावली गाभ्यातल्या बदलामुळे बंद पडता कामा नये, हा लिनुस टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक. म्हणून आल्सात जुन्या फाईलची नक्कल ठेवली गेली. जुन्या आज्ञावलीला वाटे, आपण ओएसएसशीच बोलतो आहोत. पण नक्कल ठेवल्यावर मूळ ड्रायव्हरही आणखी चौदा वर्षे का राहू दिले, हे आम्हाला फारसे पटत नाही. त्यांची निगा राखणारे कोणी उरले नव्हते.

आणि नुसते पडून राहणेही निरुपद्रवी नसते. आज्ञावलीने दिलेला स्मृतीचा पत्ता तिच्या हद्दीतला आहे ना, हे गाभा तपासतो. जुन्या ड्रायव्हरांत ही तपासणी तात्पुरती बाजूला सारण्याची युक्ती वापरलेली होती. सुरक्षिततेसाठी ती युक्ती सगळीकडून हटवायची, तर हे ड्रायव्हर आड येत. अखेर २०१७ साली ताकाशी इवाई यांनी ते काढून टाकले. नक्कल तेवढी ठेवली. मात्र अनेक लिनक्स वितरणांत ती आपण होऊन चालू नसते.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीत ‘/डेव्ह/डीएसपी’ अजूनही आवाजाचा मुख्य मार्ग आहे. तिथे ओएसएसची पद्धत टाकून न देता तिच्यातच सुधारणा केल्या गेल्या आणि अनेक आज्ञावल्यांचे आवाज एकत्र करण्याचे कामही गाभ्याकडेच सोपवले गेले.