शेवळं, खावटी आणि दौऱ्यावरचा साहेब

फिल्डवर्कला निघणाऱ्या ज्युनियर मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: गावात जे खायला देतील ते खायचं का? आणि खाल्लं तर वहीत लिहायचं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, खायचं. दुसऱ्याचं उत्तर देण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो.

माझं काम शहापूर-मुरबाड पट्ट्यात आहे. कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, पुढे रिक्षा नाहीतर एसटी. जूनमध्ये इथल्या कातकरी, ठाकूर किंवा महादेव कोळी पाड्यावर जेवायला बसलात तर ताटात शेवळं येण्याची शक्यता बरीच. पहिल्या पावसाच्या आसपास जमिनीतून वर येणारा हा कोंभ. नुसता शिजवून खाल्ला तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं किंवा चिंच घालतात. किती घालायची, किती वेळ शिजवायचं, हे ज्ञान स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात असतं.

हीच शेवळं टोपल्यांतून लोकलने मुंबईला जातात. दादरच्या बाजारात जुड्या लागतात आणि सीकेपी, पाठारे प्रभू घरांत ती कोलंबी किंवा खिमा घालून हौसेने होतात. तिथे ती मोसमाची चैन असते.

आता दप्तरखान्यात या. सरकारी कागदात रानातलं खाणं बहुतेकदा टंचाईच्या रकान्यात सापडतं. १९०२ मध्ये गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर टिपण प्रसिद्ध केलं. ते उपयोगी आहेच, पण शीर्षकातच चौकट ठरलेली आहे: ही माणसं हे खातात, कारण दुसरं काही नाही.

त्याआधी १८८२ मध्ये कॅम्पबेलच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्यात जातीजातींच्या खाण्याची नोंद आहे. पण नोंद कशासाठी, ते बघा. कातकऱ्यांचे ‘सोन’ आणि ‘ढोर’ असे दोन गट सांगताना गोमांस खाणं-न खाणं हा फरक पुढे येतो. म्हणजे पदार्थ इथे माणसांची वर्गवारी लावायला वापरलाय. तो रांधायचा कसा, कुणी रांधला, याच्याशी लिहिणाऱ्याला फारसं देणंघेणं नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: महिना. इंग्रज अधिकारी दौऱ्यावर निघायचे ते पावसाळा संपल्यावर. थंडीत आणि उन्हाळ्यात तंबू पडायचे, पावसात साहेब मुख्यालयात. पण या भागात पोटाचा खरा प्रश्न आषाढ-श्रावणात. भात लावून झालेला, कणगीतलं धान्य संपलेलं, नवं पीक यायला अजून दोन-तीन महिने. याच दिवसांत सावकाराकडून खायला धान्य उचलायचं, त्याला म्हणतात खावटी. सुगीला ते दीडपट, कधी त्याहून जास्त फेडायचं. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात आदिवासींच्या कर्जाचं आणि वेठीचं चित्र आहे, ते या संदर्भात जरूर वाचा.

आसनगावच्या अलीकडे तीन स्टेशनांवर टिटवाळा. तिथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर गोदावरी परुळेकर डहाणू-उंबरगावकडच्या वारली पाड्यांवर मुक्काम करत फिरल्या. १९७० मध्ये आलेलं त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि गॅझेटियर शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे वेगळी बाजू घेतलेली आहे, ते उघडच आहे. पण घरातली भूक कोणत्या अंतरावरून पाहिली, हाही फरक आहे.

मग शेवळं ही चैन की मजबुरी? मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. कणगी भरलेली असताना तीच भाजी आवडीची असते, रिकामी असताना आधाराची. ताटातला पदार्थ एकच, अर्थ महिन्यावर आणि घरातल्या धान्यावर ठरतो. आणि खावटी हा फक्त जुन्या कागदातला शब्द नाही. २०२० मध्ये राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान योजना मंजूर केली, तेव्हाही शब्द तोच होता.

म्हणून वहीत लिहायचं ते असं. तारखेसोबत मराठी महिना लिहा. धान्य घरचं, रेशनचं की उसनं, ते लिहा. भाजी कुणी आणली, कुणी रांधली, तुमच्यानंतर कोण जेवायला बसलं आणि त्यांच्या ताटात काय होतं, तेही. पाहुण्याला भात वाढून घरचे नागलीच्या भाकरीवर भागवतात, असं होऊ शकतं. फक्त आपलं ताट लिहिलं तर आपण पाहुणचाराची नोंद करतो, रोजच्या जेवणाची नाही.

हे सगळं विचारताना मात्र वही बाजूला ठेवा. जेवताना समोरच्याची कणगी मोजायला बसलात, तर पाड्यावरच्यांना तुम्ही दौऱ्यावरचे साहेबच वाटाल. आधी जेवा, भांडी घासायला हात लावा, गप्पा होऊ द्या. नोंद परतीच्या लोकलमध्ये करता येते. आसनगाव ते ठाणे तेवढा वेळ आरामात मिळतो.