सव्वासहा पैशांचा आणा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ प्रभात’ येतं. पाच मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट भावंडांच्या दुसऱ्या ग्रुपवर जातो आणि हसण्याच्या इमोजींची रांग लागते. विनोद ठरलेला असतो: म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजी कळत नाही. तो आपल्या इतक्या अंगवळणी पडलाय की तो खरा आहे का, हे कुणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटलं एका तारखेमुळे. ती तारीख १ एप्रिल १९५७.

त्या दिवशी भारतात दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत. म्हणजे एका रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. आपल्याला हे आकडे विचित्र वाटतात, पण १६ आणि ६४ हे आकडे फोनच्या मेमरीमुळे आपल्याही ओळखीचे आहेत. दोन्हीकडचं तत्त्व एकच, दुपटीचं. रुपयाचा अर्धा म्हणजे अधेली, तिचा अर्धा पावली, तिचा अर्धा चवली, तिचा अर्धा आणा. कुठेही अपूर्णांक येत नाही. शाळेत मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकत, ती याच व्यवहारासाठी. बाजारातली बाई अक्षरशत्रू असली तरी हा हिशेब तोंडी करत असे.

नव्या पद्धतीत रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले. आता एक आणा म्हणजे किती? सव्वासहा. आणि सव्वासहा पैशांचं नाणं नव्हतं. म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला ६ नवे पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असं बसवलं गेलं. गंमत बघा. एक आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेतली तर २४ पैसे पडतात, चारही एकदम घेतल्या तर २५. दुकानदारानं आण्याला ६ऐवजी ७ पैसे लावले, तर चार वस्तूंचे २८ होतात. रोज भाजी, दूध आणि विडीकाडी घेणाऱ्या माणसासाठी ही थट्टा नव्हती. एकेका पैशावर लक्ष ठेवावं लागत होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं आली. शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. किलो त्याहून थोडा मोठा. समजा, साखर चौदा आणे शेर होती. चौदा आण्यांचे साडेसत्त्याऐंशी पैसे, पण तेवढ्यात ९३३ ग्रॅमच येणार. मग किलोला किती द्यायचे? सुमारे ९४ पैसे. कुणी एक रुपया मागितला तर तो आपल्याला फसवतोय, हे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे कळायला हवं. पाच वर्षांच्या आत पैसाही बदलला, तराजूही बदलला आणि मैलाच्या जागी किलोमीटर आला. याशिवाय गावागणिक निराळी असणारी पायली, अधोली, निठवं, चिपटं ही धान्याची मापंही मागे पडत गेली.

हे सगळं कोण शिकलं? सगळेच. १९५७ साली कुणी दहा वर्षांचं होतं, कुणी चाळीस, कुणी सत्तर. मदतीला ॲप नव्हतं, व्हिडिओ नव्हते, शिकवायला नातूही नव्हता, कारण नातवालाही ते तितकंच नवं होतं. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. बदल सगळ्यांच्या वाट्याला एकाच दिवशी आला, तेव्हा वय हा शिकण्याचा निकष ठरला नाही. तेव्हाच्या दहा वर्षांच्या मुलांपैकी जे आज आपल्यात आहेत, ते ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या फोन धरण्यावर आपण हसतो.

कुणी म्हणेल, पण आजी अजून ‘पावशेर’च म्हणते. म्हणते खरी. आपणही सोनं तोळ्यात मोजतो, आणि आता बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. घर चौरस फुटांत घेतो, उंची फुटांत सांगतो, अंगात ताप १०२ आहे म्हणतो. शेरास सव्वाशेर भेटतो आणि एखादी गोष्ट सोळा आणे खरी असते. २५ पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, तरी चार आण्यांची अक्कल काढणं थांबलेलं नाही. तोंडातला शब्द जुना राहिला, म्हणून डोक्यातला हिशेब जुना आहे असं होत नाही.

त्या बदलात शिकणाऱ्यांची थोडी कदरही केलेली दिसते. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालू दिली. पाच नव्या पैशांचं नाणं चौकोनी होतं, दहाचं नागमोडी कडेचं. डोळ्यांना कमी दिसलं तरी बोटांना कळावं असं. आणि एका नव्या पैशावर हिंदीत छापलं होतं: ‘रुपये का सौवाँ भाग’. नाणं स्वतःच स्वतःची माहिती सांगत होतं. १ जून १९६४ला ‘नवा’ हा शब्द गेला, तोवर तो नवाही राहिला नव्हता.

पुढचा आरोप कॉम्प्युटरचा. जुन्या पिढीनं कॉम्प्युटरला विरोध केला, असं आपण ऐकतो. बँका आणि आयुर्विमा क्षेत्रातल्या कर्मचारी संघटनांनी विरोध केला हे खरं. पण त्यांचा प्रश्न होता, आमच्या नोकऱ्यांचं काय? यंत्र काय करू शकतं हे नीट समजल्यामुळेच ती भीती होती. १९८३ साली बँकांचा आणि संघटनांचा यांत्रिकीकरणावर करार झाला, आणि पुढे खतावण्या लिहिणारे तेच हात कीबोर्डवर बसले. आज एआयमुळे नोकरी जाईल म्हणून पंचविशीतली मुलं काळजी करतात. त्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही असं कुणी म्हणत नाही.

आणखी एक माणूस सांगायला हवा. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार, जन्म १९३६चा. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी अक्षररचना शिकवली. विंडोजवर देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकानं ‘मंगल’ हा फॉन्ट पाहिला असेल. तो त्यांचा. विंडोज २००० बरोबर तो लोकांपर्यंत पोहोचला, तेव्हा जोशींनी साठी ओलांडली होती. बोरूच्या वळणात मुरलेल्या माणसानं त्या वयात जोडाक्षरं, वेलांट्या आणि रफार पडद्यावर नीट बसवले.

मग आजच्या वयस्कर माणसांची अडचण खोटी आहे का? नाही. ओटीपी इंग्रजी मेसेजमधून येतो आणि त्याची मुदत काही मिनिटांत संपते. बटणावर शब्द नसतो, तीन रेघा किंवा तीन ठिपके असतात. अपडेट रात्रीत होतं आणि सकाळी बटणाची जागा बदललेली असते. जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालण्याचा काळच मिळत नाही. आणि चुकीचं बटण दाबलं तर आयुष्यभराची पुंजी जाण्याची भीती असते. ही भीती अज्ञानातून आलेली नाही. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या ही माणसंही वाचतात.

पेन्शनरांचा हयातीचा दाखला घ्या. नोव्हेंबर २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं. बँकेत न जाता, बोटाचा ठसा देऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करता येऊ लागलं. सोय चांगली होती. पण आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांच्या रेघा झिजतात, आणि झिजलेल्या रेघा यंत्राला वाचता येत नाहीत. अशा वेळी रांगेत मागून आवाज येतो, ‘आजोबांना जमत नाहीये.’ खरं तर आजोबांनी बोट बरोबर ठेवलेलं असतं. न जमणारं यंत्र असतं. नोव्हेंबर २०२१मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तेव्हा आजोबांना काही नव्यानं शिकवावं लागलं नाही. यंत्राला शिकवावं लागलं.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. दोष माणसाच्या वयाचा ठरला की बटणावर शब्द लिहायची, अक्षर मोठं करायची, मराठीत मेसेज पाठवायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. त्यात पेन्शन अडकते, औषधं अडकतात, आणि माणूस हळूहळू आपले व्यवहार दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बसतो. आपल्यापैकी बरेच जण असे पडदे तयार करण्याच्या कामातच आहेत किंवा उद्या असतील. पुढचं बटण काढताना त्या एका पैशाच्या नाण्याची आठवण ठेवायला हरकत नाही. ते काय आहे, हे त्याच्यावरच लिहिलेलं होतं.