आधी ‘मॅन’ला विचारा

टर्मिनलवर ‘मॅन’ आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं की एक रुक्ष पान उघडतं. तुमच्यापैकी बरेच जण ते बघून लगेच बंद करत असतील. पण त्या पानाला इतिहास आहे.

बेल लॅब्समध्ये युनिक्सचं काम १९६९ साली सुरू झालं. पहिलं मॅन्युअल मात्र ३ नोव्हेंबर १९७१ चं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते लिहिलं, तेही डग मॅकिलरॉय मागे लागले म्हणून. नाव, वापरायची पद्धत, वर्णन हा साचा तेव्हाचाच. शिवाय दोन भन्नाट मथळे होते: ‘ओनर’, म्हणजे कमांड कोणाची, आणि ‘बग्ज’, म्हणजे ती कुठे गंडते. स्वतःचे दोष स्वतःच छापायचे! (थिसिसमध्ये असं प्रकरण टाकून बघा.) ‘ओनर’ पुढे गेलं, ‘बग्ज’ अजून भेटतं.

कमांडचं नावच माहीत नसेल, तर ‘मॅन’नंतर ‘मायनस के’ आणि शोधायचा शब्द द्या. पानांच्या एकोळी वर्णनांत तो शोधला जातो.

गूगल आहेच की, म्हणाल. पण पुंडलिकनगरमधल्या खोलीतून तुम्ही पुण्यातल्या क्लस्टरवर लॉगिन केलंय, तिथली आवृत्ती वेगळी. ‘सेड’चंच घ्या: ‘मायनस आय’ दिल्यावर मॅकवर बॅकअपचं एक्स्टेन्शन वेगळं द्यावंच लागतं, मग ते रिकामं का असेना, लिनक्सवर तशी सक्ती नाही. डेटा फाइल जागच्या जागी बदलणार असेल, तर त्याच मशीनवरचं पान आधी वाचा.