पगार मागणारा इब्राहिमखान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी नांदेडला राहत असलो तरी गाव माझं उदगीर, आजच्या लातूर जिल्ह्यातलं. बालपण गेलं ते तिथल्या किल्ल्याच्या बुरुजांवर हुंदडण्यात. याच मुलखात फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवलं आणि तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळवला. मराठ्यांच्या तोफखान्यावर होता इब्राहिमखान गारदी. थोड्याच काळापूर्वी तो निजामाच्या चाकरीत होता. फ्रेंच सेनापती बुसीच्या पद्धतीची कवायत त्याने तिथेच आत्मसात केली. आणि निजामाच्या पदरीही जाधव, निंबाळकर अशी मातब्बर मराठा घराणी होती. म्हणजे आमच्या गावच्या लढाईत कोणती बाजू कोणत्या धर्माची, हे सांगताच येत नाही.

१९९४ साली दूरदर्शनवर संजय खान यांची महादजी शिंद्यांवरची 'द ग्रेट मराठा' ही मालिका लागायची. मी नुकताच बी.ए. होऊन नांदेडला खोली घेतली होती. टीव्ही घरमालकांकडे. पानिपताचा विषय निघाला तसा एकाने हसत विचारलं, "यात तुमचा कोण रे?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मात्र घाईघाईने म्हणालो, "इब्राहिमखान!" पुढे कित्येक वर्षं ते नाव मी खिशातल्या ओळखपत्रासारखं वापरलं.

आज ऐतिहासिक मालिका उदंड झाल्या आहेत. पगडी कोणत्या काळातली, तलवारीची मूठ कशी, यावर वाद होतात, व्हायलाच हवेत. पण माणसांच्या अस्सलपणाचं काय? मुसलमान पात्र बहुतेकदा दोनच साच्यांतून निघतं. एक सुरमा घातलेला क्रूर खान, दुसरा निष्ठेवर लांबलचक भाषण करणारा वफादार. दोघेही बोलतात लखनवी उर्दू. आमच्याकडची दखनी कुणाच्या तोंडी नसते. अमेरिकेतल्या काउबॉय मालिकांचंही असंच झालं. खऱ्या गुराख्यांमध्ये काळे आणि मेक्सिकन पुष्कळ होते, पडद्यावर मात्र बहुतेक गोरेच दिसले.

मग मी काशीराज पंडिताची हकीकत वाचली. हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा माणूस. पानिपत त्याने अब्दालीच्या गोटातून पाहिलं आणि फारसीत लिहून ठेवलं. त्याचा इब्राहिमखान १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊंसमोर येतो आणि बोलतो ते पगाराबद्दल! माझ्या माणसांचा पगार मागतो म्हणून तुमचा माझ्यावर राग. या महिन्यात तर काहीच मिळालेलं नाही. तरी आज आम्ही आमचं काम बजावू, असा त्याचा आशय. आणि ते त्याने बजावलं. त्याच्या सहा पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. तो जखमी होऊन हाती सापडला. अब्दालीपुढे नेल्यावर तो म्हणाला की जगलो आणि आपण चाकरीत घेतलं, तर भाऊंची केली तशीच सेवा करीन. पण त्याच्या जखमांवर विषारी पट्ट्या बांधल्या गेल्या आणि सात दिवसांत तो गेला, असं काशीराज सांगतो.

खरं सांगतो, हे वाचून आधी मी हिरमुसलो. माझं ओळखपत्रच फाटलं होतं. मग अब्बा आठवले. उदगीरला एका जिनिंगमध्ये ते हमालांचे मुकादम होते. मजुरी थकली की हमालांसाठी मालकाशी हुज्जत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी हजर असायचे. पुढे दुसऱ्या जिनिंगला लागले, तिथेही तसेच राबले. त्यांच्याकडे निष्ठेचं भाषण कुणी मागितलं नाही. इब्राहिमखानाकडे मात्र आपण ते अजून मागतो. मीही मागत होतो.

मालिकावाल्यांनी एकदा तरी हा पगार मागणारा माणूस दाखवावा. तो सोपा नाही, पण खरा आहे.

परवा टीव्हीसमोर बसलेल्या धाकट्या मुलीला मी त्याची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "अब्बू, हा आपला होता की त्यांचा?"

म्हटलं, "आपल्या गावाकडे लढला होता, बेटा. पगार मात्र वेळेवर मिळत नव्हता बिचाऱ्याला."