फटफटी कोणाची?

मोटारसायकल आपल्याकडे आली, तेव्हा मराठी माणसाने तिच्या आवाजावरूनच तिचे बारसे केले. कचेरीच्या कागदावर ती 'दुचाकी वाहन' झाली, जाहिरातीत आणखी काही झाली. पण बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला ती दिसण्याआधी ऐकू येई, आणि ऐकू आलेले नाव तेच खरे ठरले. या फटफटीचा इतिहास लिहिताना लोक कारखान्यांचा इतिहास लिहितात. कोणत्या साली कोणते यंत्र निघाले, किती अश्वशक्तीचे, याचे तक्ते मिळतात. माझ्या मनात मात्र गेले वर्षभर दुसराच इतिहास घोळतो आहे. कारखान्यातून निघालेली फटफटी घरी आणून कापणाऱ्यांचा.

याला निमित्त माझा पुतण्या. जुन्या जालन्यात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे गेलो, तर आमच्या थोरल्या बंधूंची १९९२ सालची बुलेट सोलून ठेवलेली. टाकी एकीकडे, सीट दुसरीकडे, इंजिन पोत्यावर. उरलेल्या सांगाड्याच्या मानेवर, म्हणजे जिथे पुढचा चिमटा बसतो त्या नळीपाशी, खडूने एक रेघ ओढली होती.

"काका, इथं कापायचं," तो म्हणाला. "मान मागं कलवायची, चिमटा लांब करायचा. चॉपर करतोय."

"तुझ्या बाबांना विचारलंस का?"

"बाबाच म्हणाले, गाडी तुझी झाली, काय करायचं ते कर."

'गाडी तुझी झाली' हे वाक्य ऐकायला सोपे आहे. पण त्यात एक जुना वाद दडला आहे, आणि तो समजून घ्यायला थोडे लांबून यावे लागेल.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकन सैनिक घरी परतले. लष्करासाठी बांधलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्या भक्कम होत्या, पण जड. तरुणांनी पुढचे मडगार्ड काढून टाकले, मागचे कापून आखूड केले, जे जे गाडी पळवायला लागत नाही ते ते उतरवले. कापण्यावरूनच पुढे 'चॉपर' हा शब्द आला. साठीच्या दशकात मात्र मूळ हेतू बदलला. वजन कमी करणे मागे पडले आणि ऐट पुढे आली. लांबच लांब चिमटा, उंच हँडल, पाठीमागे उभी दांडी. १९६९ साली 'इझी रायडर' हा चित्रपट निघाला आणि हे रूप जगभर पोहोचले. त्यातल्या गाड्या घडविल्या क्लिफ वॉन्स आणि बेन हार्डी या दोघा कृष्णवर्णीय कारागिरांनी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांचा उल्लेख नव्हता, आणि त्यांची नावे लोकांना कळायला कित्येक वर्षे जावी लागली. गाडीवर बसलेल्या नटांचे चित्र भिंतीभिंतीवर लागले. जोडणाऱ्याचे नाव शेडमध्येच राहिले. यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही, आपल्या मिस्त्रीचे तरी दुसरे काय होते?

तेच युद्ध आपल्याकडेही लष्करी फटफट्या टाकून गेले. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या माणसांनी लिलावातल्या हार्ले घेतल्या, त्यांच्या मागे डबा जोडला आणि चांदणी चौकातून उतारू वाहायला सुरुवात केली. दिल्लीकरही त्यांना 'फटफटीच' म्हणत. प्रदूषणाच्या कारणाने १९९८ च्या सुमारास त्या बंद झाल्या, म्हणजे पन्नासएक वर्षे त्यांनी पोटे भरली. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या भागाला डिझेल इंजिन आणि मागे लाकडी हौदा जोडून छकडा निघाला. अमेरिकेत गाडी कापली ती एकट्याने वाऱ्यावर सुटण्यासाठी. आपल्याकडे कापली ती सहा-आठ माणसे बसविण्यासाठी. करवत तीच, पण तिच्यामागची गरज अगदी उलट.

आमच्या भागात फटफटी आली ती उशिरा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. रेल्वे १९०० सालीच आली असली, तरी रस्ते बेताचेच. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. तिचा पाया लष्कराच्या मागणीने घातला होता. पुढे म्हैसूरची जावा आली, राजदूत आली. त्या काळी नवी गाडी म्हणजे नाव नोंदवून वाट पाहणे. म्हणून जी होती ती माणसे जन्मभर वापरीत, आणि सुटा भाग मिळाला नाही की मिस्त्री कानस घेऊन बसे. दुसऱ्या गाडीचा भाग घासून हिच्यात बसवायचा, ही त्यांची रोजची विद्या. आज हौशी तरुण जे करतात ते त्यांचे आजे नाइलाजाने करीत होते. १९९० च्या दशकात एनफिल्डने स्वतःच 'टॉरस' नावाची डिझेल बुलेट काढली. खेड्यापाड्यांतले मिस्त्री बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवीत होते, त्यांचीच वाट कारखान्याने धरली असे म्हणायला हरकत नाही.

जालन्याची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेरच्यांना जालना बियाण्यांसाठी ठाऊक आहे, पण हे लोखंडाचेही गाव आहे. इथल्या भट्ट्यांत देशभरचे भंगार वितळते आणि त्याची सळई होऊन बाहेर पडते. जुन्या फटफटीचा सांगाडा या गावी आला, की त्याच्यापुढे दोनच वाटा: भट्टी, नाही तर एखाद्या पोराची शेड. पुतण्याने लांब चिमट्यासाठी लागणारी नळी भंगारच्या ढिगातूनच निवडून आणली होती. मी म्हटले, "अरे, हिच्यावर तुझा जीव राहणार आहे." तो हसला. पण हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मान कलली आणि चिमटा लांबला, की सरळ रस्त्यावर गाडी ठाम धावते, परंतु बाजारातल्या वळणावर हँडल जड होते आणि पुढचे चाक आपल्याच मनाने कोसळू पाहते. आणि खड्ड्याचा सगळा हिसका येतो तो मानेवरच्या त्या एका वेल्डिंगवर. वरून सांधा चकचकीत दिसला म्हणून आत धातू मुरला असेलच असे नाही. सांधा सुटला, तर तो सांगून सुटत नाही.

या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग वायरिंगचा. तो त्याने आधीच उरकायला घेतला होता. वास्तविक फटफटीला तारा लागतात त्या किती? बॅटरी, फ्यूज, किल्लीचा स्विच. ठिणगीसाठी कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. पुढचा दिवा, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, हॉर्न. आणि चालत्या इंजिनातून बॅटरी भरण्याची सोय. एका पानावर सगळा नकाशा मावतो. पण चॉपरवाल्याला तारा दिसायला नको असतात. तो त्या सांगाड्याच्या नळ्यांतून ओवतो, आणि तिथेच खरी परीक्षा सुरू होते. भोकाच्या कडेला रबराची बांगडी बसवली नाही, तर इंजिनाच्या थरथरीने तारेचे आवरण महिन्या-दोन महिन्यांत घासून जाते आणि उघडे तांबे लोखंडाला टेकते.

दुसरी गोम अर्थिंगची. प्रत्येक दिव्याला जाणारी तार एकच असते; परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडच. आमच्या चिरंजीवांनी सांगाड्याला तीन हात सुरेख काळा रंग दिला होता. सगळे जोडून किल्ली फिरवली, तर पुढचा दिवा काजव्यासारखा मिणमिणला. हॉर्न दाबला की तोही विझे. दोन रात्री त्याने बॅटरीला, स्विचला, बल्बला दोष दिला. तिसऱ्या रात्री शेजारच्या गल्लीतले एक वृद्ध वायरमन आले. त्यांनी कशालाही हात न लावता खिशातला पॉलिश कागद काढला, दिव्याच्या बोल्टखालचा रंग रुपयाएवढा खरवडला आणि बोल्ट आवळला. दिवा भक्कन लागला. "रंगातून करंट जात नसतो, बाळ," एवढेच म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. पुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत असते. ती कळायला तीन रात्री लागतात.

असो. खडूच्या रेघेकडे परत जाऊ. ती रेघ कापण्याचा हक्क कोणाचा? १९३९ च्या मूळ मोटार वाहन कायद्याचे उत्तर सरळ होते: गाडीत नोंदणीपत्राशी न जुळणारा बदल केलात, तर चौदा दिवसांत कळवा. म्हणजे आधी करा, मग सांगा. पुढे नियम उलटला. आधी विचारा, मग करा. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ आले, आणि २००० सालच्या दुरुस्तीने त्यात असे घातले की, उत्पादकाने मुळात जे ठरवले त्यापासून वेगळे होईल असे काही करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. ऐंशी वर्षांत प्रश्न कसा सरकला पाहा. पूर्वी गाडी सुरक्षित आहे की नाही ते अधिकारी पाही. आता ती कारखान्यातून आली तशीच आहे की नाही हे पाहिले जाते. या दोन गोष्टी एकच नव्हेत.

तरीही कायद्याला नुसती नावे ठेवणे मला जमत नाही. ती भंगारातली नळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. चॉपर पडली तर चालवणारा एकटाच पडत नाही, समोरून सायकलवर येणारी शाळेची मुलगीही पडते. माझी तक्रार इतकीच आहे, की ज्याचा सांधा चांगला आहे त्याला तो तपासून घेऊन रस्त्यावर येण्याची वाट उरलेली नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची हकीकत पुष्कळांच्या स्मरणात असेल. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. लोहारांनी मुलासाठी भंगारातून, फटफटीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्र आनंद महिंद्रांनी पाहिले, कौतुक केले, आणि ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही लिहिले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. गोष्ट गोड आहे. पण देशातल्या मोठ्या मोटार कारखानदाराला ज्या कामात गुण दिसला, त्या कामाला रस्त्यावर जागा नव्हती, हे त्या गोडीखाली झाकले गेले. इकडे मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' या नावाने बुलेटच्या चॉपर घडविण्याचा व्यवसायच उभा केला; आणि बजाजसारख्या कंपनीने २००५ साली 'ॲव्हेंजर' आणून लांब, ठेंगणी गाडी दुकानात तयार मिळू लागली. शेडमधले रूप कारखान्याने विकले की ते कायदेशीर, आणि शेडमध्ये केले की गुन्हा, अशी ही गंमत आहे.

हे सारे मी पुतण्याला एका रात्री सांगितले. त्याने वाद घातला नाही. चारआठ दिवसांनी त्याने बापाच्या बुलेटची मान ओल्या फडक्याने पुसली. भंगारातून दुसरा एक बिननंबरी सांगाडा आणला, तो कापला, आणि वेल्डिंग मात्र सळईच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाकडून करवून घेतले. इंजिन आणि वायरिंग त्यावर चढले. ही फटफटी आमच्या शेतातल्या गाडीवाटेवर धावते, विहिरीपासून बांधापर्यंत. डांबरी सडक आली की तो ती वळवतो, आणि ते लांब चाक वळायला बराच वेळ घेते.

जुना सांगाडा शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला आहे, आणि वरच्या खिळ्याला 'एमएच-२१' ची पाटी टांगली आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, तेव्हा वहिनींनी ग्राइंडरला झेंडू वाहिला, चॉपरला हार घातला. थोरले बंधू उठले, त्यांनी ती पाटी खिळ्यावरून काढून धोतराच्या सोग्याने पुसली, आणि तिलाही दोन फुले खोवून पुन्हा जागेवर लावली.