ऑर्किडची बाटली : पेरून न उगवणाऱ्या बियांचा इतिहास

ढाणकीत थंड हवेच्या ऑर्किडवर बोलायचं म्हटलं की लोक आधी हसतात. साहजिक आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि हे झाड असं, की रात्री गारवा मिळाला नाही तर फुलाचा दांडाच काढत नाही. पण आपल्या उमरखेड भागात केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावणाऱ्या शेतकऱ्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. काचेच्या बाटलीत साखर घालून रोपं वाढवायची आणि विकायची, हा धंदा केळीच्या कितीतरी आधी ऑर्किडवाल्यांनी सुरू केला.

बाटलीची गरज का पडली, ते आधी सांगतो. ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतकी शिदोरी असते. ऑर्किडच्या बियांत ती नसतेच. एका बोंडात लाखोंनी बी, पण पिठासारखं. फुंकर मारली की गेलं. हे बी मातीत पेरलं तर काहीच उगवत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या हौशी मंडळींना ऑर्किड हवं असेल तर एकच मार्ग होता : जंगलातून ओरबाडून आणायचं.

ते कसं आणलं जायचं याचा एक दाखला आपल्याच देशातला आहे. १८५० मध्ये जोसेफ हुकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत होता. तिथली निळी वांडा, म्हणजे वांडा सेरुलिया, त्याने लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. किती? सात माणसांच्या डोक्यावरची ओझी भरतील इतकी! त्यातली फार थोडी झाडं इंग्लंडला जिवंत पोचली, हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच्यासोबत आलेल्या एका माळ्याच्या मालकाने एकच ओझं पाठवलं, तेही मरतुकड्या अवस्थेत पोचलं आणि तरी ३०० पौंडांना विकलं गेलं. असा भाव मिळत असेल तर डोंगर कोण शिल्लक ठेवणार?

पोचलेली झाडं तरी जगली का? बरीचशी नाही. ऑर्किड उष्ण देशातलं, तेव्हा त्याला उष्णता द्या, असा सरळ हिशेब करून माळ्यांनी ती कोळशाच्या भट्टीवर तापवलेल्या, बंद, वाफाळलेल्या काचघरांत कोंडली. अँडीज किंवा हिमालयात, ढगांच्या उंचीवर वाढणारी झाडं त्यात उकडून गेली. उष्ण देशातला डोंगर थंड असतो, ही साधी गोष्ट लक्षात यायला कित्येक वर्षं गेली. १८६४ मध्ये जेम्स बेटमनने थंड काचघरात ऑर्किड वाढवण्यावर पुस्तकच लिहिलं. आम्हाला तर यात गंमत वाटते, की त्या मंडळींनी इंग्लंडात मुद्दाम कोळसा जाळून ढाणकीचा उन्हाळा तयार केला होता.

बियांचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. जॉन डॉमिनी या माळ्याने दोन जातींचा संकर केला आणि १८५६ मध्ये त्याचं कॅलँथी फुललं. माणसाने संकर करून फुलवलेलं ते पहिलं ऑर्किड. पुढे माळ्यांच्या ध्यानात आलं, की बी आईच्याच कुंडीत टाकलं तर कधीमधी उगवतं. का, ते कुणालाच सांगता येईना.

उत्तर मिळालं एका शिपायाला. नोएल बर्नार हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लष्करी सेवेत असताना, १८९९ साली, जंगलात ऑर्किडची नुकती उगवलेली पिल्लं त्याच्या नजरेस पडली. प्रत्येकात बुरशी शिरलेली. रोग नव्हे तो. बिनशिदोरीच्या बियांना तीच बुरशी जेवू घालत होती! आईच्या कुंडीतली बुरशी बियांना मिळायची, म्हणून ती उगवायची. बर्नार अवघ्या ३६ व्या वर्षी, १९११ मध्ये गेला. पुढे अमेरिकेत लुईस नडसन यांनी विचारलं : बुरशी जर अन्नच पुरवते, तर अन्न आपणच का देऊ नये? निर्जंतुक बाटलीत अगर, क्षार आणि साखर, त्यावर बी. १९२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. बियांना बुरशी लागली नाही, साखर पुरली.

इथपर्यंत पुस्तकातलं. आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही सिंबिडियमची एक बाटली मागवली. पंचवीसेक रोपं, एकेक बोटाच्या पेराएवढं. बाटलीतल्या रोपाने कधी कोरडी हवा पाहिलेली नसते. म्हणून बाहेर काढताना मुळांना चिकटलेलं अगर कोमट पाण्याने हलक्या हाताने पूर्ण धुवायचं, नाहीतर राहिलेल्या साखरेवर बुरशी येते. आणि या वेळची बुरशी जेवू घालणारी नसते. मग सगळी रोपं एका कुंडीत दाटीने, दमट सावलीत, आणि महिनाभर हळूहळू बाहेरच्या हवेची सवय. केळीवाले याला हार्डनिंग म्हणतात. ते आम्हाला बरं जमलं. थंडीत रोपं टवटवीत होती. जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत चार उरली. ओलं पोतं, कूलर, सगळं करून पाहिलं. दिवसाचं ऊन एकवेळ अडवता येतं हो, पण मे महिन्यातली रात्र कुठून गार करणार? सिंबिडियमला दांडा धरायला रात्री दहा ते पंधरा अंश लागतात.

तरीही त्या बाटलीमुळे काय वाचलं ते सांगायला हवं. निळ्या वांडाचा जंगली माल विकणं पुढे आंतरराष्ट्रीय करारानेच जवळजवळ बंद झालं. मग रोपवाटिकांत ती बियांपासून इतकी होऊ लागली, की २००४ मध्ये तिला त्या सर्वांत कडक यादीतून खालच्या यादीत आणलं गेलं. आपल्याकडे विदर्भाच्या रानातही तिची एक बहीण राहते, वांडा टेसेलाटा. झाडांच्या फांद्यांवर, मुळं उघड्यावर सोडून. ती आपला उन्हाळा सोसते. औषधासाठी लोक तिलाही खेचून काढतात, आणि तिची बाटली करण्याऐवजी आम्ही डोंगरातली मागवत बसलो, हे कबूल.

त्या चारपैकी दोन रोपं आम्ही चिखलदऱ्याला एका नातेवाइकांकडे दिली. बाटलीतून निघाल्यावर पहिल्या फुलाला चार-पाच वर्षं सहज लागतात. यंदा दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, पानांच्या बुडाशी काहीतरी टोकदार निघालंय म्हणून. पान की दांडा, ते अजून कळत नाही.