गव्हाणला गाडी थांबली, पण उशिरा का?

डिसेंबर २०२५ मध्ये गव्हाण स्टेशनवर लोकल थांबायला लागली, तेव्हा आपल्या सोसायटीत पेढे वाटले गेले. त्याआधी जवळजवळ दोन वर्षं गाडी डोळ्यांदेखत जायची आणि थांबायची नाही. खारकोपर ते उरण हा टप्पा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला होता, पण आम्ही आपले रिक्षा करून खारकोपर गाठायचो. "एवढा उशीर का?" हा प्रश्न प्रत्येक वार्षिक सभेत कोणीतरी विचारायचंच, आणि कोणीतरी "सरकारी काम!" असं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. स्मरणिकेच्या निमित्तानं जरा खोलात गेलो, तर हे उत्तर अर्धंच निघालं.

गोष्ट १९७० पासून सुरू होते. त्या वर्षी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. गव्हाण त्यातलंच. भाताची खाचरं, मिठागरं, खाजण, बांधावरचा जिताडा, हे सगळं नकाशात 'मोकळी जागा' म्हणून गेलं. जमिनीच्या भावासाठी इथला शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. आपल्यापैकी बरेच जण आज तसल्याच भूखंडांवरच्या इमारतींत राहतात. हे नव्या पिढीला ठाऊक असावं, म्हणून मुद्दाम लिहितो.

लोहमार्गाला मंजुरी मिळाली ती १९९६-९७ च्या सुमारास. म्हणजे आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा ही रेल्वे कागदावर येऊन चार-पाच वर्षं झाली होती. 'स्टेशन दोन मिनिटांवर' हे जागा विकणाऱ्यानं सांगितलेलं वाक्य आठवतंय ना? खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोचा आणि एक तृतीयांश रेल्वेचा, असा करार होता. मानखुर्द-वाशी मार्गही असाच भागीदारीत झाला होता आणि १९९२ मध्ये सुरू झाला. पण उरण मार्ग सुमारे पाचशे कोटींवरून पुढे सतराशे-अठराशे कोटींच्या अंदाजावर गेला. काम रखडलं की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की काम रखडतं. नेरुळ-बेलापूर ते खारकोपर हा बारा-साडेबारा किलोमीटरचा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाला. खारकोपर ते उरण या चौदा किलोमीटरना त्यानंतर आणखी पाच वर्षं लागली.

आता मुख्य मुद्दा, पर्यावरणाचा. बेलापूर सोडून गाडी पनवेल खाडीच्या पुलावर आली की दोन्ही बाजूंना तिवरं दिसतात. १९९१ च्या किनारा नियमनानं अशा जागा संरक्षित झाल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर तिवरतोडीवर बंदी घातली, आणि २०१८ च्या निकालात सार्वजनिक हिताच्या कामालाही कोर्टाची परवानगी हवी असं स्पष्ट केलं. वनखात्याची संमती वेगळी. आखणी झाली एका काळात, कायदे आले दुसऱ्या काळात. त्यामुळे कागद पुन्हा पुन्हा फिरत राहिले. याबद्दल मला तक्रार नाही. तिवरं नसती तर उधाणाचं पाणी आपल्या पार्किंगमध्ये आलं असतं.

खटकलं ते वेगळंच. केंद्राच्या १९९४ आणि २००६ च्या पर्यावरण अधिसूचनांच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच. विमानतळ आहे, बंदर आहे, महामार्ग आहे, रेल्वे नाही. म्हणून शेजारच्या विमानतळासाठी २०१० मध्ये जनसुनावणी झाली. लोकांनी उभं राहून प्रश्न विचारले. नोव्हेंबर २०१० च्या परवानगीत धावपट्ट्यांमधलं अंतर कमी झालं, गाढी नदी वळवायची नाही असं ठरलं, वाघिवलीत कांदळवन उद्यान करण्याची अट आली. (उलवे नदी वळवलीच, आणि दहा वस्त्या उठल्या, ते दुखणं वेगळं.) रेल्वेच्या बाबतीत मात्र अशी सुनावणी कायद्यानं सक्तीची नव्हती. प्रत्येक खात्यानं आपापला तुकडा तपासायचा: तिवरं एकानं, वनजमीन दुसऱ्यानं, मोबदला तिसऱ्यानं. अख्खा भराव एका टेबलावर ठेवून बघायला कोणी बांधील नव्हतं.

खाजणात भराव टाकला की भरतीला वाट हवी; मोऱ्या नीट नसल्या तर एका बाजूला पाणी तुंबतं आणि दुसऱ्या बाजूची तिवरं सुकतात. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. गावातल्या एका आजोबांना मी एकदा स्टेशनबद्दल विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "सर्व्हेवाले आले तेव्हा उधाणाचं पाणी कुठवर चढतं, ते कुणी विचारलं होतं काय? आम्ही सांगितलं असतं की!"

मी आता रोज याच गाडीनं जातो. सकाळी जागाही मिळते, अजून तरी. भरतीच्या दिवशी मात्र खिडकीशी बसतो आणि भरावाच्या दोन्ही बाजूंचं पाणी सारख्या उंचीवर आहे का, ते बघत राहतो.